घटनास्थळाला हात लावू नये

परसराम शहारे सेवानिवृत्त झाले ही गोष्ट जवाहरनगरच्या दारूगोळा कारखान्याला कळली होती, त्यांच्या सत्काराला जमलेल्या सहकाऱ्यांना कळली होती, निवृत्तिवेतन देणाऱ्या बँकेलाही कळली होती. ती कळायची राहिली होती फक्त परसरामांना. आयुष्याची उमेदीची सारी वर्षे त्यांनी सुरक्षा विभागात काढली होती. क्वार्टर सोडून ते हायवेलगतच्या वसाहतीतल्या स्वतःच्या घरात राहायला आले, तेव्हा सामानाच्या ट्रकमधून तो विभागही सोबत आला. अंगणातल्या जांभळाच्या खोडाला हिरवी पाटी लागली, 'एकत्र येण्याची जागा'. गॅसच्या सिलिंडरची रोज सकाळी तपासणी होऊ लागली. दारातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला, मग तो दळण घेऊन निघालेला का असेना, एकच प्रश्न विचारला जाई : "बाहेर काय घेऊन चालले?"

कारखान्यात हे नियम माणसांचे जीव राखतात, हे त्यांची सून रीना जाणून होती. तिची तक्रार नियमांबद्दल नव्हती, पत्त्याबद्दल होती.

त्यातले दोन नियम तिच्या कामाचे होते. पहिला असा, की घरात पेनड्राइव्ह येणार नाही आणि घरातली माहिती बाहेर जाणार नाही. इंटरनेटवर प्रत ठेवण्याची कल्पना तिने एकदा मांडून पाहिली होती. "अनोळखी माणसाच्या घरी सामान ठेवतो का आपण?" असे विचारून परसरामांनी ती निकालात काढली. दुसरा नियम ते जवळजवळ प्रत्येक जेवणात सांगत : कोणालाही, अगदी झाडूवाल्यालाही, धोका दिसला आणि तो 'काम बंद' असे ओरडला, की साहेबापासून शिपायापर्यंत सगळ्यांनी हात उचलायचे, खोली सोडायची आणि एकत्र येण्याच्या जागी उभे राहायचे. ओरडणारा बरोबर की चूक, ते नंतर पाहायचे. हे सांगताना त्यांचा घास हातातच राही आणि सत्यभामाबाई, त्यांच्या पत्नी, म्हणत, "पहिले जेवन बंद करू नोका, भाजी थंडी होऊन राहिली."

रीना भंडाऱ्याच्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवत असे आणि पीएच.डी. करत असे. जिल्ह्यातले जुने तलाव, त्यांतले मासे आणि पाणवनस्पती, आणि मासेमारी करणाऱ्या ढिवर बायकांच्या तोंडी असलेली त्यांची नावे, हा तिचा विषय. अड्याळ हे तिचे माहेर, आणि तिथल्याच तलावाच्या पाळीवर तिला हा विषय सुचला होता. तिचा नवरा अश्विन नोकरीसाठी रायपूरला असे. त्यामुळे तिच्या अभ्यासाची देखरेख सासऱ्यांकडे आली होती. घराण्यात पहिली पीएच.डी. आपल्या सुनेची होणार याचा परसरामांना इतका अभिमान होता, की निवृत्तीनंतर त्यांनी पहिली खरेदी केली ती तिच्यासाठी कॉम्प्युटरची. एक खोली रिकामी करून दिली. आणि मग त्या खोलीचे त्यांनी इतक्या काटेकोरपणे रक्षण केले, की आतल्या कामाची एकही प्रत जगात दुसरीकडे कुठे राहिली नाही. मसुद्याची दोन जुनी प्रकरणे रीनाच्या ई-मेलमध्ये होती. बाकी सगळे, तलावांचे फोटो, बायकांची ध्वनिमुद्रणे, तक्ते आणि शेवटचा मसुदा, त्या कॉम्प्युटरमधल्या दोन हार्ड डिस्कांपैकी मोठ्या डिस्कवर होते आणि फक्त तिथेच होते.

सोमवारी नागपूरला विद्यापीठाच्या समितीपुढे तिचे सादरीकरण होते. वाढवून मिळालेली मुदतही त्याच दिवशी संपत होती. त्यानंतर नोंदणी रद्द.

बुधवारी सकाळी ती अंघोळ करून आली, तर पडदा निळा होता आणि सुरू होण्यासाठी लागणारी डिस्क सापडत नाही, असे कॉम्प्युटर इंग्रजीत नम्रपणे कळवत होता. खुर्चीत परसराम होते. त्यांचे हात मांडीवर होते, पण ते हात नुकतेच तिथे आल्यासारखे दिसत होते.

"बाबा, काही केलं का जी तुम्ही?"

"चौकशी होईपर्यंत कोनी काही बोलाचं नाही," परसराम म्हणाले.

"चौकशी? मले फक्त सांगा न, कायले हात लावला."

"तोच त नियम आहे, बेटा. पहिले घटनास्थळ सील. मंग बोर्ड बसते. मंग विधान. आधीच बोललं त साक्ष बिघडते."

आणि जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्यावर 'धोका : हात लावू नये' असे लाल अक्षरांत लिहून त्यांनी तो कॉम्प्युटरच्या गळ्यात बांधला, खोलीला पितळी कुलूप लावले आणि किल्ली जानवे नसलेल्या माणसाला शक्य तितक्या पवित्रपणे बनियनच्या आत, दोऱ्यात ओवून ठेवली.

गुरुवारी, खास परवानगीने आणि परसरामांच्या देखरेखीखाली, जीवन येऊन गेला. जीवनचे हायवेवर मोबाईल दुरुस्तीचे दुकान होते आणि वसाहतीत विजेवर चालणाऱ्या प्रत्येक वस्तूचे निदान तोच करी. त्याने कॉम्प्युटर सुरू करून सुरुवातीच्या सेटिंगची यादी उघडली. ज्या जागी डिस्कांची नावे असायची, तिथे रिकामे होते.

"दोन्ही गेल्या," तो म्हणाला.

"दोन्ही? एकाच सकाळी?" रीनाने विचारले.

"मॅडम, सोबत राहून राहून माणसाईले एकच बिमारी होते न. तशीच गोष्ट आहे."

या शास्त्रीय खुलाशानंतर खोलीला पुन्हा कुलूप लागले. रीना रात्रभर जागी राहिली असती, तर गोष्टीला शोभले असते. पण दुसऱ्या दिवशी सकाळी तिचे तास होते, म्हणून ती झोपली. कॉलेजात ती माशांच्या नावांचे जमेल तेवढे तक्ते आठवणीतून कागदावर उतरवू लागली. ध्वनिमुद्रणे आठवणीतून उतरवता येत नाहीत. त्यांत बोललेल्या ढिवर आनंदाबाईंनी शिंगाड्याच्या वेलीवर चढणाऱ्या अळीचे जे नाव सांगितले होते, ते तर तिला आठवतही नव्हते.

बोर्ड शनिवारी दुपारी बसले. त्याआधी बसणे अशक्य होते, कारण अध्यक्ष कृष्णराव मेहुणीच्या मुलीच्या लग्नाला गेले होते.

कृष्णराव हे परसरामांचे जुने सहकारी आणि आता शेजारी. चौकशीचा त्यांचा अनुभव दांडगा होता. वसाहतीतल्या गणेश मंडळाची ताडपत्री हरवली, तेव्हा चौकशी त्यांनीच केली होती. ताडपत्री सापडली नाही, पण अहवाल नमुनेदार झाला होता. दुसरे सदस्य भैयाजी. तेही कारखान्यातूनच निवृत्त झालेले, मूळचे कारध्याचे. वैनगंगेच्या काठावर जन्म गेल्यामुळे जगातल्या कोणत्याही बिघाडाच्या मुळाशी त्यांना पाणी दिसे आणि बहुतेक वेळा ते खरे निघे, त्यामुळे त्यांची ही सवय सुटण्याची आशा उरली नव्हती. तांत्रिक सदस्य म्हणून जीवन होता. कुलूप उघडले. चहा आला. गळ्यात पुठ्ठा बांधलेला कॉम्प्युटर आरोपीसारखा मध्ये होता.

पहिली साक्ष सत्यभामाबाईंची झाली, कारण त्या चहा घेऊन आल्याच होत्या.

"या खोलीत पोछा कोन मारते?" भैयाजींनी विचारले.

"मीच मारतो. दुसरं कोन मारीन?"

"बुधवारी मारला होता?"

"रोजच मारतो जी. बुधवार काही उपास नाही पोछ्याचा."

"ओला का सुका?"

सत्यभामाबाईंनी ट्रे खाली ठेवला. "भैयाजी, सुका राहिला त त्याले झाडू म्हनतेत."

"म्हणजे ओला," भैयाजींनी अध्यक्षांकडे अर्थपूर्ण पाहिले. अध्यक्षांनी मान हलवली. आपल्या चार वर्षांच्या कामाचा मारेकरी ज्या सहजतेने निश्चित होत होता, ती पाहून रीनाला ताडपत्री का सापडली नाही हे समजले.

"काका, पोछ्याचं पानी टेबलावर चढते का?" तिने विचारले.

"पानी कुठंही चढते, बेटा. आमच्याकडे पंख्याले लागलं होतं."

मग परसरामांची पाळी आली. ते उठून उभे राहिले, शर्ट खाली ओढला, हात बाजूला सरळ सोडले. घरात तीन दिवस त्यांनी या विषयावर तोंड उघडले नव्हते, आणि त्यात लबाडी असेल असा रीनाला थोडा संशयही आला होता. तो अन्यायाचा होता. बोर्डापुढे खोटे बोलणे परसरामांना जमलेच नसते. ते फक्त योग्य व्यासपीठाची वाट पाहत होते.

"मंगळवारी मी मोबाईलवर एक व्हिडिओ पाहिलो," ते म्हणाले. "कॉम्प्युटरमधली माहिती कशी सुरक्षित ठेवाची, असा. त्यात सांगतलं, की यंत्र चालू होताना एक बटन दाबलं का आतलं सेटिंग उघडते. तिथं डिस्क सांभाळणारा जो कंट्रोलर आहे, त्याचे दोन प्रकार रायतेत. एक ए एच सी आय. दुसरा आर ए आय डी, म्हणजे रेड. रेडमध्ये एक डिस्क मेली तरी दुसरीवर माहिती वाचते. आपल्या यंत्रात पहिला प्रकार होता. सोमवारी रीनाचं काम आहे. म्हणून बुधवारी सकाळी मी जास्त सुरक्षित प्रकार निवडलो, सेव्ह केलो, आणि बाहेर आलो. त्याच्यानंतर पडदा निळा झाला."

रीनाने हातातला कप खाली ठेवला.

"म्हणजे," कृष्णराव सावकाश म्हणाले, "घटनेच्या आधी तुम्ही सुरक्षेचा स्तर वाढवला होता."

"हो जी."

"कौतुकास्पद. नाहीतर आणखी काय झालं असतं कोन जाणे."

"पोछ्याच्या आधी वाढवला का नंतर?" भैयाजींनी मुद्द्याचे विचारले.

रीनाने मोबाईल काढला. परसरामांनी उच्चारलेली ती दोन नावे टाकताच समोर जगभरातल्या माणसांचा एक मेळाच उघडला. सगळ्यांनी तेच एक सेटिंग बदलले होते, सगळ्यांच्या डिस्का त्याच क्षणी गायब झाल्या होत्या आणि सगळ्यांनी आपल्या डिस्का मेल्या असे समजून आक्रोश केला होता. डिस्का मेलेल्या नव्हत्या. फाटकावरचा ओळखीचा पहारेकरी बदलून नवा आणला, की रोजचा कामगारही बाहेर अडकतो. कामगाराला काही झालेले नसते. जुना पहारेकरी परत आणायचा, एवढाच उपाय. एका शहाण्याने खाली ठळक अक्षरांत लिहिले होते : तोपर्यंत काहीही नवे बनवू नका, काहीही पुसू नका.

"काका, कारण सापडलं," ती म्हणाली. "ते सेटिंगच कारण आहे. परत पहिल्यासारखं केलं का डिस्का दिसतील. एका मिनिटाचं काम आहे. मले करू द्या."

कृष्णरावांनी तिच्याकडे मायेने पाहिले. वडीलधारी माणसे ज्या मायेने न ऐकण्याची तयारी करतात, ती माया.

"बेटा, तुझी घाई समजते मले. पण बोर्ड सुरक्षा कमी करायची शिफारस कशी करीन? उद्या कोनी विचारलं, का चौकशीनंतर तुम्ही आधीपेक्षा कमी सुरक्षित करून ठेवलं, त काय सांगाचं?"

"बाबा?" रीना परसरामांकडे वळली.

परसरामांनी गळ्यात पुठ्ठा बांधलेल्या यंत्राकडे पाहिले, सुनेकडे पाहिले, मग अध्यक्षांकडे. "बोर्ड जे म्हणीन ते," ते म्हणाले, पण खाली बसताना त्यांनी खुर्ची न पाहताच चाचपली.

आता तांत्रिक सदस्याला स्फुरण चढले. "काकाजी, मले समजलं!" जीवन म्हणाला. "रेड नुसती चालू करून होत नाही. दोन डिस्काची जोडी बनवा लागते. तेच राहून गेलं. काम अर्धवट आहे, म्हणून दिसून नाही राहिल्या. जोडी बनवली का झालं."

अर्धवट काम पूर्ण करणे हा उपाय कोणत्याही बोर्डाला नाकारता येत नाही. तो एकमताने संमत झाला. जीवनने पुठ्ठा बाजूला सारला, यंत्र सुरू केले, दोन कळा दाबल्या आणि काळ्या पडद्यावर एक जुनाट यादी आली. तिथे मात्र दोन्ही डिस्कांची नावे होती, ठणठणीत. "पाहा! इथं जित्या आहेत!" जीवनने टाळी वाजवली. दोन दिवसांपूर्वी त्यांचे मृत्यूचे दाखले आपणच दिले होते, याचे त्याला स्मरण नव्हते. त्याने दोन्हींवर खूण केली, आरशासारखी जोडी हा प्रकार निवडला आणि कळ दाबली. खाली लाल अक्षरे उमटली.

रीनाने ती मोठ्याने मराठीत वाचली. "निवडलेल्या डिस्कांवरची सगळी माहिती नष्ट होईल. नक्की करायचं? हो किंवा नाही."

"ते सगळीकडेच लिवून रायते," कृष्णराव म्हणाले. "नोकरीभर अशा लाल पाट्या पाहिल्या मी. दाब, जीवन."

"काका, माहिती नष्ट होईल असं लिवलं आहे!"

"मॅडम, हे लोक घाबरवतेच," जीवन म्हणाला आणि 'हो'ची कळ शोधू लागला. कळफलकाकडे न पाहता टाइप करण्याची कला त्याला अवगत नव्हती, एवढ्यावरच त्या क्षणी आनंदाबाईंचा आवाज, अड्याळच्या तलावाचे तीन उन्हाळे आणि रीनाची नोंदणी टिकून होती.

रीनाने युक्तिवाद सोडला. ती उभी राहिली आणि छातीत होता नव्हता तेवढा श्वास घेऊन ओरडली :

"काम बंद!"

पुढे जे झाले ते बुद्धीचे काम नव्हते. तीस-पस्तीस वर्षांच्या नोकरीने ते हाडांत मुरवले होते. कृष्णरावांचा कप खाली गेला. भैयाजींचे हात वर गेले. परसराम दाराकडे निघालेही होते आणि जाता जाता त्यांनी जीवनला दंडाला धरून खुर्चीतून उपटले. "हात उचल! बाहेर! पळाचं नाही, चालाचं!" कोणी कोणाला कारण विचारले नाही. बोर्ड रांगेने अंगणात गेले आणि जांभळाखाली हिरव्या पाटीशी उभे राहिले. सत्यभामाबाई शेवटी बाहेर पडल्या. त्यांनी मागे खोलीत एक नजर टाकली, अंगणाकडचे दार ओढून घेतले आणि त्याला पाठ लावून ठाण मांडले.

"आत कोनी जाचं नाही," त्या म्हणाल्या. "नियम आहे न जी?"

"नियम आहे," परसराम म्हणाले. आता मोजणी. त्यांनी बोटाने माणसे मोजली, स्वतःला धरून पुन्हा मोजली. "सहा पायजेत. पाच आहेत."

"कोन कमी आहे?" कृष्णरावांनी घाबरून विचारले.

माणूस कमी असेल तर सुरक्षा विभागाच्या माणसाने शोधायचे, हेही ठरलेलेच होते. परसराम भिंतीच्या कडेने खिडकीशी गेले.

आत रीना वाकून उभी होती. लाल अक्षरांपुढे तिने 'नाही' दाबले होते, यंत्र पुन्हा सुरू केले होते आणि आता तिच्यापुढे तीच सेटिंगची यादी होती, जी बुधवारी सकाळी परसरामांपुढे होती. ठळक पट्टी ए एच सी आयवर आली होती. तिने खिडकीकडे पाहिले. सासऱ्यांचा चेहरा गजांमागे होता आणि त्यावर काय आहे, ते तिला वाचता येईना. त्यांनी एक हाक मारली असती, तर सगळे बोर्ड आत आले असते.

"बेटा," परसराम हलकेच म्हणाले, "सेव्ह करून बाहेर निघ. तसंच बंद करशील त राहून जाईल."

मग ते जांभळाखाली परतले, पुन्हा एकदा बोटाने पाच माणसे मोजली आणि साऱ्या सेवाकाळात कधी केले नव्हते ते केले.

"सहा," ते म्हणाले. "मोजणी पूर्ण."

"मंग कोन कमी होतं?" भैयाजींनी विचारले.

"मीच स्वतःले मोजाचं विसरलो होतो."

बोर्डाला आत घेतले गेले, तेव्हा कॉम्प्युटर रोजच्यासारखा सुरू होता आणि 'डी' नावाच्या डिस्कमधून रीनाच्या फाइली एका पेनड्राइव्हवर उतरत होत्या. मोजणी होताच स्वयंपाकघरातून आलेल्या त्या पेनड्राइव्हला हळदीचा वास होता. घरात निषिद्ध असलेली ती वस्तू सत्यभामाबाईंच्या हळदीच्या डब्यात किती काळापासून होती, हे विचारण्याचे धाडस चौकशी मंडळाला झाले नाही. यंत्राला विश्रांती मिळाल्यामुळे ते पूर्ववत झाले, खोली वेळेवर रिकामी करण्याचा निर्णय निर्णायक ठरला आणि मूळ कारण ओला पोछा हेच होते, असे कृष्णरावांनी दुसरा चहा घेत जाहीर केले. भैयाजींनी अनुमोदन दिले. जीवनने मोबाईलमध्ये कॉम्प्युटरचा फोटो काढून घेतला, दुकानात दाखवायला.

ते गेल्यावर सत्यभामाबाईंनी ती खोली पुसून काढली. पोछ्यातून पाणी ठिबकत होते.

सोमवारी सकाळी कारखान्याच्या बसचा हॉर्न हायवेवरून वाजत गेला, तेव्हा रीना पिशवी खांद्याला लावून निघाली. परसराम दारात होते.

"बाहेर काय घेऊन चालली?"

रीनाने मूठ उघडली. परसरामांनी चष्मा लावला आणि तळहातावरचा पेनड्राइव्ह खूप वेळ पाहिला.

"दुसरी प्रत?"

"आईच्या हळदीच्या डब्यात."

"वरच्या फळीवरचा डबा का खालच्या?"

"वरच्या."

"हां," परसराम बाजूला सरले. "खालच्याले पोछ्याचं पानी लागते."